काळ्या जमिनीवरील घराला गेलेले तडे: पायाला हात लावण्यापूर्वी आणि लावताना

दारव्हा तालुक्यातील एका गावाहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावठाणाबाहेरच्या लेआउटमध्ये दहा वर्षांपूर्वी तीन खोल्यांचे घर बांधले. भिंती नऊ इंची विटांच्या, वर स्लॅब, पाया डबराचा आणि साडेतीन फूट खोल. जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा घातलेला नाही. नैऋत्य कोपऱ्यात खिडकीच्या वरून छताकडे पायऱ्यापायऱ्यांनी गेलेला तडा वैशाख-ज्येष्ठात पेन्सिल आत जाईल इतका रुंदावतो आणि पोळ्यापर्यंत जवळजवळ मिटतो. त्या कोपऱ्यापासून बारा फुटांवर मोठा कडुनिंब आहे. ईशान्येकडे न्हाणीलगतच्या खोलीत मात्र फरशी वर आली असून तिथले दार पावसाळ्यात लागत नाही. त्या भिंतीपासून चार फुटांवर शोषखड्डा आहे. गवंडी म्हणतो की जमिनीच्या भेगांत सिमेंटची स्लरी ओता. ठेकेदार म्हणतो की चारही कोपऱ्यांना पाच फुटांवर फुटिंग घेऊन कॉलम उभे करा आणि बीमने बांधा. नातेवाइकांचे मत असे की वर एक मजला चढवला म्हणजे वजनाने जमीन दबून बसेल. शिवाय येत्या वर्षी स्वयंपाकघर वाढवायचे आहे.

तिन्ही सल्ल्यांनी पाया दुबळा पडला असे गृहीत धरले आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून मला तसे दिसत नाही. ओझ्याने पाया खचला असता तर तडा एकदा पडून वाढत राहिला असता, दर पावसाळ्यात मिटला नसता. आपल्या घराखालची माती दरवर्षी आकार बदलते आहे आणि दोन कोपऱ्यांखाली ती परस्परविरुद्ध दिशांनी बदलते आहे, म्हणून दुरुस्तीची सुरुवात काँक्रीटपासून न करता पाण्यापासून करावी लागेल.

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा या पट्ट्यातील भारी काळी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी निघून गेले की पुन्हा जवळ येतात; उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या पाच-सहा फूट खोल भेगा हा त्याचाच परिणाम आहे. भंडारा-गोंदियाकडील भाताच्या जमिनी वेगळ्या खडकांपासून झालेल्या असल्याने तिकडे हा प्रकार सहसा इतका तीव्र नसतो. वणी-चंद्रपूर भागात खाणीतील सुरुंगांचे हादरे किंवा जुन्या भुयारी खाणींवरची जमीन खचणे ही तड्यांची स्वतंत्र कारणे असू शकतात आणि त्यांचा उपाय या उत्तरात नाही.

माती किती फुगते हे आपल्याला घरीही ताडून पाहता येईल. पायाच्या पातळीची माती वाळवून, कुटून, अगदी बारीक चाळणीने चाळून तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करावेत. एक भाग शंभर मिलिलिटरच्या मापाच्या नळीत पाण्यात आणि दुसरा तशाच नळीत रॉकेलमध्ये टाकून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत ढवळावे आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून दोन नळ्यांतील तळाला बसलेल्या मातीच्या उंचीतला फरक हाच तिचा फुगवटा होय. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरली तर फरक ८ मिलिलिटर, म्हणजे रॉकेलमधल्या मापाच्या तुलनेत फुगवटा ८० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या पुढे सावध व्हावे, १०० च्या पुढे तर साध्या उथळ पायाचा विचारच करू नये. खात्रीचा आकडा हवा असल्यास हीच चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी. ती महागडी नाही.

आता वजनाचा मुद्दा. एकमजली घराची नऊ इंची भिंत, तिच्यावर येणारा स्लॅबचा भाग आणि पाया यांचे मिळून दोन फूट रुंद पायाखाली दर चौरस मीटरला साधारण सहा-सात टन ओझे येते. कोरडी काळी माती भिजताना जो दाब वर लावते तो चौरस मीटरला दहा टनांपासून तीस टनांपर्यंत सहज जाऊ शकतो. म्हणजे एकमजली घर तिच्यासाठी हलकेच आहे आणि आणखी एक मजला चढवूनही हा हिशेब पूर्ण उलटत नाही. शिवाय तो मजला आधीच तडकलेल्या भिंतींवर आणि खोल्यांच्या मांडणीप्रमाणे कमी-जास्त बसेल. तो विचार सोडून द्यावा.

घराखाली प्रत्यक्षात काय घडते ते असे. घर बांधल्यावर मधल्या भागावर ऊन-वारा लागत नाही, त्यामुळे तिथला ओलावा हळूहळू वाढून काही वर्षांत स्थिरावतो. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते आणि पावसाळ्यात भिजते. उन्हाळ्यात कडा खाली बसतात, मध्य तसाच राहतो आणि कोपरा बाहेरच्या बाजूला कलंडल्यासारखा होऊन वर रुंद, खाली अरुंद असा तडा पडतो. कडा फुगल्या तर याच्या उलट, तडा खाली रुंद असतो. आपल्या नैऋत्य कोपऱ्यावर दुपारनंतरचे ऊन आहे आणि कडुनिंबाच्या मुळ्याही तिथलेच पाणी ओढतात, म्हणून तो उन्हाळ्यात घराच्या इतर भागापेक्षा जास्त बसतो. ईशान्येकडे न्हाणीचे आणि शोषखड्ड्याचे पाणी बारमाही मुरते, म्हणून ती बाजू वर आली. भारी जमिनीत शोषखड्डा नावापुरताच शोषतो. पाणी खाली झिरपण्याऐवजी खड्ड्यात साठते आणि आजूबाजूला, म्हणजे आपल्या पायाकडे, सरकते. एका टोकाला सुकवणारे झाड आणि दुसऱ्या टोकाला भिजवणारा खड्डा, अशा स्थितीत उत्तम बांधलेली भिंतही तडकली असती.

स्लरीचा सल्ला तर नुकसान वाढवणारा आहे. सिमेंटचे कण चिकणमातीत शिरत नाहीत, ते फक्त उन्हाळ्यात उघडलेल्या भेगांत जाऊन घट्ट होतात. पावसाळ्यात फुगणारी माती याच भेगा मिटवून आपला बराचसा फुगवटा सामावून घेते. ती जागा सिमेंटने भरली की मातीला वर सरकण्याखेरीज मार्ग उरत नाही. स्लरी ओतल्यानंतरच्या पावसाळ्यात फरशा उठलेली घरे मी पाहिली आहेत. कॉलमच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण पाच फुटांवरचे फुटिंग अजूनही त्याच हलत्या थरात बसू शकते आणि त्यांना जोडणारा बीम जर थेट काळ्या मातीवर टेकवून ओतला, जसा तो बहुतेक ठिकाणी ओतला जातो, तर माती त्या बीमलाच उचलते. फुगणाऱ्या जमिनीत असा बीम जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर वर मोकळा ठेवावा, अशी अंडर-रीम्ड पाइलसंबंधीच्या, म्हणजे खाली फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खोल खांबांसंबंधीच्या, भारतीय मानकात स्पष्ट सूचना आहे.

म्हणून आधी मोजमाप करावे. प्रत्येक मोठ्या तड्याच्या दोन्ही बाजूंना, तड्याला आडव्या रेषेत, एकेक स्टीलचा खिळा पक्का बसवून दोन खिळ्यांच्या डोक्यांमधले अंतर स्टीलच्या पट्टीने, शक्य असल्यास व्हर्नियरने, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मोजावे आणि वहीत लिहावे. नुसत्या प्लास्टरवर खिळा ठोकू नये, तो विटेत गेला पाहिजे. तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख घालावी, म्हणजे तडा पुढे सरकला का ते कळते. याखेरीज पाण्याच्या लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांची जोत्यावरची पातळी वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि सप्टेंबर अखेरीस, घ्यावी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा मिळून नोंद झाली की कोणता कोपरा किती बसतो आणि किती उठतो हे अंदाजाने न बोलता आकड्याने सांगता येते. त्याआधी खोल पायाचा खर्च करू नये, असे माझे मत आहे.

मोजणी सुरू ठेवूनच पाण्याची कामे करावीत आणि ती मृग लागण्यापूर्वी संपवावीत. शोषखड्डा बंद करून न्हाणीचे सांडपाणी चांगल्या सांध्यांच्या पाइपने घरापासून किमान वीस-पंचवीस फूट दूर, उताराच्या बाजूला न्यावे. परसबागेला दिले तरी चालेल, पण बाग भिंतीला लागून नको. जुना खड्डा उपसून काळ्या मातीनेच थराथराने ठासून भरावा. तिथे मुरूम किंवा विटांचे तुकडे भरले तर पाणी साठण्याची जागा पुन्हा तयार होते. स्लॅबवरचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी न सोडता पाइपने जमिनीपर्यंत आणून नालीने पुढे न्यावे. नळाची आणि संडासाची जोडणी तपासावी. जमिनीखालून गळणारा एक सांधा वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, मात्र त्याच्यावरची फरशी तेवढ्या काळात वर आलेली असते. भिंतीलगत उघडलेल्या भेगा वरून त्याच मातीने सैलसर बुजवाव्यात, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी थेट पायाच्या तळाशी जाणार नाही.

कडुनिंबाबाबत घाई नको. झाड एकदम तोडले तर त्याने इतकी वर्षे सुकवून ठेवलेली माती पुढची काही वर्षे हळूहळू ओलावा परत घेते आणि आज बसणारा कोपरा उद्या उठू लागतो. त्याऐवजी दर वर्षी फांद्यांची छाटणी करून त्याची तहान कमी करावी, आणि झाड व घर यांच्या मधोमध पाच-सहा फूट खोल चर घेऊन त्यात जाड प्लास्टिकचा उभा पडदा बसवून, लहान मुळ्या कापून, चर त्याच मातीने ठासून भरावा. झाडाला आधार देणारी मोठी मुळे तुटतील इतका चर खोडाजवळ नेऊ नये, नाहीतर वादळात झाडच घरावर यायचे. पुढे नवे झाड लावताना त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके अंतर घरापासून सोडावे. सुबाभूळ आणि निलगिरी तर आणखी दूर असावीत.

घराभोवतीची काँक्रीटची पट्टी, जिला गवंडी ॲप्रन म्हणतात, हा या सर्व कामांतला सर्वांत उपयोगी भाग आहे आणि नेमका तोच सर्वांत वाईट केला जातो. दीड-दोन फुटांची पट्टी शोभेपुरतीच असते. ती किमान पाच फूट रुंद हवी, सहा-साडेसहा फूट असेल तर अधिक चांगले. वरची फूटभर काळी माती काढून, तिथे चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम थराथराने धुम्मस करावा, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरावा आणि त्यावर चार इंच काँक्रीट बाहेरच्या बाजूला पाच फुटांत तीन इंच उतार देऊन ओतावे. बाहेरच्या कडेला तोच कागद तीन-चार फूट खोल अरुंद चरात खाली सोडावा; या उभ्या पडद्यामुळे आतल्या ओलाव्याचा बाहेरच्या ऋतूंशी संबंध बराचसा तुटतो. ॲप्रन जोत्याला सळईने बांधू नये. दोघांमध्ये अर्धा इंच फट ठेवून ती डांबराने भरावी आणि दर उन्हाळ्याअखेर तपासावी. हे काम मे महिन्यात न करता दिवाळीनंतर करावे, कारण माती अगदी कोरडी असताना झाकली तर ती पुढे हळूहळू फुगत राहते आणि चिंब असताना झाकली तर आकसत राहते. कार्तिक-मार्गशीर्षात तिचा ओलावा मधल्या अवस्थेच्या जवळ असतो.

इथे वाळूबद्दल एक शब्द. पायाखाली किंवा पायाच्या बाजूला वाळू भरली की माती फुगली तरी वाळू ते सोसते, असा समज गावोगावी आहे. प्रत्यक्षात काळ्या मातीच्या मधोमध वाळूने भरलेला चर पाण्याची टाकी होतो. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर फुगवटा रोखू शकतो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या कामातून पुढे आले आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ते वापरले गेले. आपल्याकडे त्यासाठी योग्य मुरूम टेकाडांवर मिळतो. तो बोटांत चोळल्यावर थोडी माती चिकटली पाहिजे आणि त्याचीही वर सांगितलेली चाचणी घ्यावी.

उठलेल्या फरशीचे कारण बहुधा जोत्याच्या आत दडलेले असेल. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती बाहेर टाकण्याचा खर्च वाचवण्यासाठी ती जोत्यातच भरण्याची पद्धत सर्रास आहे. त्या खोलीची फरशी काढून दोन-अडीच फूट माती बाहेर काढावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुम्मस करावा, त्यावर प्लास्टिक कागद, मग काँक्रीट आणि फरशी करावी. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवावी. हे काम सांडपाण्याचा मार्ग बदलून एक हंगाम गेल्यावरच करावे, नाहीतर नवी फरशीही त्याच ओलाव्यावर बसेल.

आपल्यासारख्या घरांपैकी बरीच घरे इतक्यावर शांत होतात. ॲप्रन झाल्यानंतरच्या वर्षभराच्या नोंदीत तड्याची हालचाल मिलिमीटरभरापर्यंत आली तर पायाखाली जाण्याची गरज नाही. ती चार-पाच मिलिमीटरवरच राहिली, तर मात्र पायाला खालून नवा आधार द्यावा लागेल, आणि त्याचा निर्णय खाली मुरूम किती खोल आहे यावर ठरेल. यासाठी आधी शेजारच्या विहिरीत डोकावून पाहावे. काळी माती कुठे संपते, चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती किती, मुरूम कुठे लागतो, हे थर विहिरीच्या उघड्या काठात दिसतात आणि विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. मग घरापासून आठ-दहा फूट अंतरावर एक चाचणी खड्डा घ्यावा. पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्यात फळ्या-बल्ल्यांचा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये, कारण भेगाळलेली काळी माती एका क्षणात मोठ्या ढेपेने सुटते.

मुरूम सात-आठ फुटांच्या आत असेल तर जुन्या पायाखाली तुकड्यातुकड्यांनी नवा पाया घ्यावा. भिंतीच्या लांबीचे साडेतीन-साडेतीन फुटांचे भाग पाडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि पहिला, चौथा, सातवा असे दूरदूरचे भाग आधी उघडावेत. शेजारशेजारचे दोन भाग एकाच वेळी कधीही उघडू नयेत आणि भिंतीची पावभागापेक्षा जास्त लांबी एका वेळी अधांतरी ठेवू नये. खड्डा मुरुमात सहा इंच तरी शिरला पाहिजे. खोदाई आणि काँक्रीट शक्यतो एकाच दिवशी उरकावे, उघडा खड्डा रात्रभर ठेवू नये. नव्या काँक्रीटच्या बाहेरच्या बाजूंना जाड प्लास्टिकचे दोन थर लावावेत, म्हणजे फुगणारी माती त्याला धरून वर ओढणार नाही. काँक्रीट जुन्या पायाच्या तळाला भिडवू नये, तीन इंच खाली थांबवावे. ते आकसून घट्ट झाल्यावर, म्हणजे किमान दोन दिवसांनी, ती फट एकास तीन प्रमाणाच्या जवळजवळ कोरड्या मसाल्याने भरावी. मसाला मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये, इतकाच ओला असावा. तो लाकडी पट्टी आणि हातोड्याने ठोकून ठोकून भरावा. सगळे ओझे याच तीन इंचांतून खाली जाणार असते आणि ठेकेदार घाई करतो ती इथेच, म्हणून हे भरणे मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावे. लगतचा भाग आठवड्याने उघडावा. कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

फक्त नैऋत्य कोपरा असा पक्का करून थांबण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. एक कोपरा मुरुमावर स्थिर आणि उरलेले घर हलते, असे झाले की नवा तडा त्या दोघांच्या सीमेवर पडतो. करायचे तर त्या बाजूच्या दोन्ही भिंती पूर्ण लांबीने कराव्यात आणि शक्य असल्यास सगळे घर.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गाळाच्या भागात, हा मार्ग चालत नाही, कारण तिथे मुरूम हाताच्या खोदाईत लागतच नाही. तिथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना अंडर-रीम्ड पाइलच्या जोड्या घेऊन त्यांच्यावर भिंतीतून आरपार जाणारे आडवे बीम टाकावे लागतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी रूढ केलेली ही पाइल खाली फुगीर कंद असलेली असते. कंदाचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट, आणि खोल काळ्या जमिनीत लांबी किमान साडेतीन मीटर. कंद हलत्या थराच्या खाली अडकलेला असल्याने पाइल वर उचलली जात नाही. हे काम संरचना अभियंत्याच्या नकाशाशिवाय करू नये, आणि खारट पाण्यामुळे सळईवरचे काँक्रीटचे आवरण तिथे वाढवून घ्यावे.

तडे बुजवणे सर्वांत शेवटी, तेही हिवाळ्यात. मे महिन्यात पूर्ण उघडलेला तडा कडक मसाल्याने भरला तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. तडा खरवडून, धुऊन, दर चार-पाच थरांनी आडव्या सांध्यात आठ मिलिमीटरची तीन फूट लांब सळई बसवावी आणि सिमेंट, चुना, वाळू यांचा एकास एकास सहा असा मऊ मसाला वापरावा. प्लास्टरखाली कोंबडीजाळी तड्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी ठोकावी.

स्वयंपाकघर वाढवायचे असेल तर त्याचा पाया, भिंत आणि स्लॅब जुन्या घराला कुठेही बांधू नयेत. दोघांमध्ये जमिनीपासून छतापर्यंत एक इंचाची सरळ फट ठेवून ती थर्माकोलने भरावी आणि वरून पत्र्याची पट्टी फक्त एका बाजूला ठोकावी. नव्या मोरीचे पाणी जुन्या भिंतीकडे न वळता सरळ बाहेर जाईल अशी मोरीची जागा नकाशावरच ठरवून घ्यावी, आणि ही खोली पहिल्यापासूनच मुरुमापर्यंत नेलेल्या पायावर घ्यावी.